भागीबाईचा दगड

दगडावर तांब्याभर पाणी ओतलं की जसा आवाज होतो, तसा आवाज रोज सकाळी सहाच्या सुमारास माझ्या दाराबाहेर व्हायचा. दार उघडावं तर बाहेर कुणी नाही. पायरीच्या डाव्या बाजूला मात्र फरशी ओली. ओली म्हणजे किती, तर भाकरीएवढी जागा.

हे सुरू झालं २००४ च्या मार्चमध्ये. माझी बायको आशा जाऊन तीन महिने झाले होते. घरात मी आणि माझी मुलगी पल्लवी, दोघंच. पल्लवी नर्स आहे, तिची ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची, त्यामुळे बरेचदा मी एकटाच. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पल्लवी सांगेलच. मी पहिल्यांदा शेजारच्या कुसाबाईंशी भांडलो. त्यांच्या कुंड्या आमच्या भिंतीला लागून आहेत.

"कुसाबाई, झाडांना पाणी घालायला ही वेळ आहे का? माझ्या पायरीवर सांडतंय सगळं."

"मास्तर, माझ्या गुडघ्यांना विचारा सहाला उठतात का ते," त्या म्हणाल्या. "आणि मार्चमध्ये पाणी सांडायला मला काय वेड लागलंय?"

मग मी प्लंबर आणला. त्याने टाकी बघितली, नळाचा वायसर बदलला, फरशीवर उकिडवा बसून बोटाने ओल चाचपली आणि म्हणाला, "हे खालून येत नाही, साहेब. वरून पडलेलं आहे." वर काय होतं? आभाळ होतं. मी त्याला हाकलून दिलं.

पल्लवीला आवाज ऐकू यायचा नाही, ओल मात्र दिसायची. "बाबा, आई गेल्यापासून तुमची झोप नीट होत नाही," ती म्हणायची आणि फडक्याने पायरी पुसून कामाला जायची. मला भीती वाटत होती. शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीत जन्मलेला, चाळीस वर्षं भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून लोकांना सांगणारा शांतवन मकासरे सकाळी साडेपाचला जागा होऊन डोक्यावर उशी दाबून पडून राहायचा. प्रार्थनाही करवत नव्हती. हात जोडले की पाणी पडल्याचा आवाज यायचा.

मी हायस्कुलात मराठी शिकवायचो, आणि सुट्टी लागली की पेठकडच्या पाड्यांवर सुवार्ता सांगायला जायचो. पगार नाही, काही नाही. देवाला आवडेल असं जगायचं, एवढंच माझं म्हणणं. देवाला काय आवडतं आणि काय आवडत नाही याची मला पक्की खात्री असायची. दारू आवडत नाही, तमाशा आवडत नाही, उपासनेला उशिरा आलेलं आवडत नाही. आशा हसायची. म्हणायची, "अहो, देवाच्या आवडीनिवडी तुमच्याशी फार जुळतात हो!" मी चिडायचो.

माझं एक प्रवचन गाजलेलं होतं. त्याचं नावच पडलं होतं, 'भागीबाईचा दगड'. देवळाली, मनमाड, अहमदनगर, कुठेकुठे मला त्यासाठी खास बोलावणं यायचं. भागीबाई म्हणजे पेठपासून दोन तास पायी असलेल्या एका पाड्यावरची विधवा. तिचा एकुलता एक मुलगा ऐन आषाढात मासे धरायला नदीत उतरला आणि पाड्याखालच्या डोहात गेला. विशीतला होता. प्रेत सापडलंच नाही. त्या भागात अवेळी गेलेल्या माणसाचा दगड मांडतात. भागीबाईने त्याच डोहातून एक गोटा काढून आणला, दाराशी डाव्या हाताला रोवला, आणि रोज उजाडताना त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतून ती त्याच्याशी बोलायची. ऊठ, तोंड धू, भाकर खा.

मला ती भेटली १९९५ साली. पाड्यावर गोटीराम नावाचा तिचा पुतण्या विश्वासात आला होता, म्हणजे ख्रिस्ती झाला होता, त्याच्या ओट्यावर आमची सभा असायची. मेलेले पुन्हा उठतील हे मी सांगत होतो. भागीबाई मागे बसलेली. तिने मध्येच विचारलं, "पान्यातला बी उठंल?"

"पाण्यातलासुद्धा," मी म्हणालो. "समुद्राला त्याचे मेलेले परत द्यावे लागतील, मग नदीचं काय घेऊन बसलीस?"

ती त्यानंतर एकही सभा चुकली नाही. वर्षभराने बाप्तिस्मा मागायला लागली. मी म्हणालो, आधी तो दगड.

ही एप्रिल १९९६ ची गोष्ट. नदी आटली होती, पण डोहात कमरेपेक्षा वर पाणी होतं. आजूबाजूला दुसरीकडे कुठे पाणी नव्हतं, म्हणून बाप्तिस्मा तिथेच द्यायचा होता. माझ्याबरोबर यायचे ते आमच्या चर्चचे पाळकसाहेब आजारी पडले आणि त्यांनी मलाच अधिकार दिला. गोटीराम म्हणाला, "मास्तर, दगड मी टाकतो. काकीला नका लावू."

"स्वतःच्या हाताने टाकला तरच त्याला अर्थ आहे," मी म्हणालो. मला ते वाक्य आवडलं होतं. पुढे प्रवचनात मी ते आवाज चढवून म्हणायचो.

भागीबाईने दगड उपटला आणि कडेवर घेऊन ती डोहापर्यंत चालत आली. कडेवर. हे मी पाहिलं होतं. प्रवचनात मात्र ते कधी सांगितलं नाही. डोहाच्या काठावर ती थांबली, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि तिने तो पाण्यात सोडला. मग मी तिला घेऊन पाण्यात उतरलो, त्रैक्य देवाच्या नावाने तिला पाण्याखाली नेलं. बाप्तिस्मा घेताना माणसं डोळे मिटतात. भागीबाईचे डोळे पाण्याखाली उघडे होते आणि ती इकडेतिकडे बघत होती.

वर आल्यावर ती एकच शब्द म्हणाली, असं मी नगरला हजार माणसांपुढे सांगितलं. ती म्हणाली, "मोकळी!" लोक रडले. एका बाईने गळ्यातली चेन काढून दानाच्या थैलीत टाकली.

भागीबाई असं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "दिसला नाय."

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. कपडे बदलून मी निघालो, कारण पेठहून शेवटची एसटी गाठायची होती. पाड्याच्या वळणापर्यंत ती ओल्या लुगड्याने माझ्यामागे आली.

"मास्तर, आता त्याच्याशी बोलायचा नाय?"

"नाही, बाई. मेलेल्यांना हाका मारलेलं देवाला आवडत नाही."

"नाव बी नाय?"

मी घड्याळ बघितलं. "नावही नको," म्हणालो आणि चालू पडलो. नंतर दोन-तीनदा गेलो तिकडे, पण तिच्याशी बोलणं झालं नाही. मग पाय दुखायला लागले, पाड्यावर दुसरे लोक जाऊ लागले. प्रवचन मात्र चालू राहिलं.

आता २००४ चा नोव्हेंबर. आमच्याकडे दोन तारखेला मृतांची आठवण करतात. सकाळी घरोघरची माणसं बादल्या, खराटे, चुन्याचे डबे घेऊन कबरस्तानात जातात, आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, झेंडूच्या माळा घालतात. संध्याकाळी मेणबत्त्या लावून उपासना होते आणि पाळकसाहेब मृतांची नावं वाचतात. नावं आधी चिठ्ठीवर लिहून द्यायची असतात. आशाची ही पहिलीच वेळ होती. पल्लवी फुलं आणायला फाटकापाशी गेली होती. मी तांब्या भरला आणि आशाच्या दगडावर पाणी ओतलं.

"काय गं," मी म्हणालो, "धूळ किती बसलीय तुझ्यावर! पल्लवी मला धड चहा देत नाही, तुला माहीत आहे ना?"

आणि माझा हात तसाच राहिला. कारण तोच आवाज होता. आठ महिने जो दाराबाहेर ऐकला तो. मी पुन्हा तांब्या भरला, पुन्हा ओतला. तोच. आजूबाजूला आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, तीस-चाळीस माणसं होती. सगळी दगडांवर पाणी ओतत होती आणि बहुतेक जण काही ना काही बोलत होते. माझ्या वडिलांनीही माझ्या आजोबांच्या कबरीशी असंच बोललेलं मी लहानपणी ऐकलं होतं. यात काही वावगं आहे असं पन्नास वर्षांत मला एकदाही वाटलं नव्हतं. आमचा तो कबरीचा दगड आणि भागीबाईचा तो नुसता दगड.

मी तिथेच मटकन खाली बसलो. पल्लवी धावत आली. मला वाटतं, तिला हार्ट अटॅकची शंका आली, कारण तिने आधी माझी नाडी धरली.

"एका बाईच्या मुलाला मी..." मी म्हणालो.

त्या शनिवारी मी पेठची एसटी पकडली. पल्लवी बरोबर येते म्हणत होती, मी नको म्हणालो. निरोप मिळाल्यामुळे फाट्यावर गोटीराम न्यायला आला होता. त्याचे केस पिकले होते.

"काकी कशी आहे?" मी विचारलं.

"हाय. डोळ्यानं कमी दिसतं. सभेला येते, पन बोलत नाय कुनाशी लय." मग थोडं चालल्यावर तो म्हणाला, "मास्तर, दारात त्यो दगड व्हता ना, तिथला खड्डा अजून हाय. बुजवला तरी खचतो. आन् सकाळी ओला असतो. काकी पानी घालत नाय, मी सोता पाहिलाय. कुत्रा बी तिथं बसत नाय."

मी त्याला माझ्या पायरीचं काही सांगितलं नाही.

नागली कापून झाली होती, अंगणात कणसं वाळत होती. भागीबाई त्यांच्याजवळ बसून कोंबड्या हाकत होती. माझा आवाज ऐकून तिने मान वर केली.

"मास्तर आला का? बस." त्या बाजूला लहानथोर सगळ्यांनाच तू म्हणतात. पूर्वी मला ते खटकायचं.

मी बसलो. दाराच्या डाव्या बाजूला तो खड्डा होता, भाकरीएवढा. दुपारचे बारा वाजून गेले होते तरी माती काळी दिसत होती. एसटीत मी बोलायचं सगळं पाठ केलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य तेवढं आलं.

"भागीबाई, माझं चुकलं."

"काय चुकला?"

"तो दगड मी तुझ्या हाताने टाकायला लावला."

ती काही वेळ कोंबड्या हाकत राहिली. मग पाऊसपाण्याचं बोलावं तशी म्हणाली, "एकदा नदीनं बुडवला, एकदा मी."

"तू नाही. मी बुडवला."

"हात माझं व्हतं, मास्तर."

गोटीराम मान खाली घालून कुडाला टेकून उभा होता.

"तू म्हनलास नाव नको," ती म्हणाली. "नाय घेतला. आठ वरसं झाली. सपनात येतो, आये म्हनतो. मी पदर तोंडात धरते, नाव भायेर यील म्हून. सकाळी पानी टाकाया हात जातो, हातावर बसते." तिने दोन्ही हात मांडीखाली घालून दाखवले. मग धूसर डोळे माझ्या दिशेला करून तिने विचारलं, "आता देव खूश हाय का, मास्तर?"

तिच्या विचारण्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मी सांगितलेलं तिने आठ वर्षं पाळलं होतं, आणि मी सांगितलेलं देवाचंच सांगणं आहे असं समजून पाळलं होतं. आमच्या सगळ्या मंडळीत देवासाठी एवढं सोसलेलं दुसरं माणूस मला माहीत नाही. आणि देवाने हे कधी मागितलंच नव्हतं. मला एसटी गाठायची होती.

मी रडलो. साठीच्या पुढचा माणूस, कोंबड्यांसमोर, ढसाढसा.

"नाव घे, भागीबाई," मी म्हणालो. "देवाला राग येणार नाही. तेव्हाही आला नसता. घाई माझी होती, राग माझा होता. देवाच्या तोंडी मी घातला."

तिचे ओठ हलले, मग मिटले.

"आधी तू घे," ती म्हणाली. "तू बंद केलास. तूच उघड."

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मला त्याचं नाव माहीत नव्हतं. नऊ वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं. नगरला, मनमाडला, देवळालीला, प्रत्येक वेळी तो 'भागीबाईचा मुलगा' होता. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मी भागीबाईचं नाव लिहिलं, तिच्या नवऱ्याचं लिहिलं, गावाचं लिहिलं. ज्याला मी तिच्या हातून पाण्यात टाकायला लावलं, त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

"ठावं नाय तुला?" तिने विचारलं.

"नाही."

मला वाटलं, आता ती मला हाकलून देईल. मी त्याच लायकीचा होतो. तिने मांडीखालचे हात बाहेर काढले, चाचपडत माझं मनगट धरलं. मग तिच्या घशातून आवाज आला. गंजलेली कडी काढताना येतो तसा.

"पुंजा," ती म्हणाली.

"पुंजा," मी म्हणालो.

मग ती पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा, आणि थांबेनाच. गोटीराम आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्याने तो तिच्या हातात दिला नाही, माझ्या हातात दिला. मी तो तिच्या हातांत ठेवला, माझे हात खाली धरले, आणि आम्ही दोघांनी त्या रिकाम्या खड्ड्यात पाणी ओतलं. मातीवर पाणी पडलं होतं, तरी आवाज दगडावर पडल्याचा आला. गोटीरामने माझ्याकडे बघितलं. भागीबाईला त्याचं काहीच वाटलं नाही.

'भागीबाईचा दगड' हे प्रवचन त्यानंतर मी एकदाच केलं, आमच्याच चर्चमध्ये. या वेळी 'दिसला नाय' असंच सांगितलं. उपासनेनंतर कुणी हात मिळवायला आलं नाही. चर्चच्या एका पंचाने पाळकसाहेबांकडे तक्रार केली की मास्तर म्हातारपणी घसरले. घसरलो असेन.

सकाळचा आवाज थांबला का, असं पल्लवी अधूनमधून विचारते. थांबला नाही. मी आता उशीखाली डोकं घालत नाही एवढंच. सहाला उठतो, दार उघडतो, ओल्या फरशीशेजारी पायरीवर बसून चहा पितो. देवाला हे आवडतं की नाही, मला माहीत नाही. भीती अजून वाटते. पण आता कुणाची भीती वाटते, त्याचं नाव माहीत आहे.

पुढच्या वर्षी, २००५ च्या दोन नोव्हेंबरला, मी पाळकसाहेबांकडे दोन चिठ्ठ्या दिल्या.

"आशाताई ठीक," ते चष्मा सारत म्हणाले. "पण हे पुंजा कोण? आपल्या मंडळीतले?"

"त्याची आई आपल्या मंडळीतली आहे."

"पण त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा..."

"साहेब," मी म्हणालो, "आधी नाव वाचा. बाकीचं देवाला ठरवू दे. मी ठरवून बघितलंय, मला जमलं नाही."

त्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली.

संध्याकाळी कबरींवर मेणबत्त्या लागल्या. गोटीराम भागीबाईला दुपारच्या एसटीने घेऊन आला होता. ती अनवाणी, कडेच्या कडुनिंबाखाली पल्लवीचा हात धरून उभी होती. मेणबत्त्या तिला दिसत होत्या का, सांगता येत नाही, पण उजेडाकडे तिचं तोंड होतं. गीत झालं, शास्त्रवाचन झालं, आणि पाळकसाहेब नावं वाचू लागले. एकेका नावाबरोबर कुणीतरी डोळे पुसायचं. आशाचं नाव आलं, पल्लवीने माझ्याकडे बघितलं. त्यानंतर चार-पाच नावं झाली. पाळकसाहेब थांबले. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मग पुढचं नाव घेतलं.

"पुंजा."

मागून, कडुनिंबाखालून, एका म्हातारीने शाळेत हजेरीला ओ द्यावी तसं मोठ्याने सांगितलं,

"हाय."